मापात पाप शिरते कुठून?

घरी पाव करून पाहावा असे मनात आले आणि पहिल्या प्रयत्नात ओव्हनमधून जे बाहेर आले त्याचे नाव मुलांनी ‘वीट’ ठेवले. कृती एका जुन्या कात्रणातली होती : पाच वाट्या मैदा, दोन वाट्या पाणी, मीठ, यीस्ट, थोडे तेल. लिहिले होते तसेच सगळे केले होते. पुढच्या रविवारी तीच कृती, तीच वाटी, तोच ओव्हन. फरक एवढाच की या वेळी मैदा नीट चाळून घेतला. कणीक इतकी सैल झाली की ती साच्यात अक्षरशः ओतावी लागली.

आई शेजारी बसून पाहत होती. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिने चाळीस-पन्नास वर्षे रोज ज्वारीच्या भाकरी थापल्या. पिठाचे किंवा पाण्याचे माप तिने कधी घेतले नाही आणि तिची भाकरी कधी बिघडल्याचे मला आठवत नाही. ती म्हणाली, “हाताला कळतं रे, त्याला माप कशाला?”

प्रयोगशाळेत दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकासाठी झगडणाऱ्या माणसाला हा प्रश्न झोंबणारा होता. पण तो नुसता स्वयंपाकघराचा प्रश्न नाही. धान्याची मजुरी मापून घेणाऱ्या माणसाला आणि बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला तो शेकडो वर्षे पडत आला आहे. एकच माप दोनदा भरले तर त्यात दोन्ही वेळा तेवढेच धान्य येते का? आणि येत नसेल, तर तो फरक कुणाच्या पदरात पडतो?

वाटीत काय भरते?

आधी वाटीचे प्रकरण संपवू. माझ्या वाटीत काठोकाठ २०० मिलिलिटर पाणी मावते. चाळलेला मैदा चमच्याने अलगद भरला आणि सुरीने वरून सपाट केला, तर त्याच वाटीत सुमारे १०० ग्रॅम मैदा येतो. डब्यात वाटी खुपसून भरली तर १२५ ते १३०. भरताना वाटी ओट्यावर दोन-चारदा आपटली आणि बोटाने दाबले, तर १५० ग्रॅमच्या घरात. माप एकच, वाटी एकच आणि फरक दीडपट!

पाच वाट्यांचा हिशोब करा. कात्रणातली कृती ज्याने लिहिली तो बहुधा डब्यात वाटी खुपसत असावा. त्याचा मैदा सुमारे ६४० ग्रॅम आणि पाणी ४०० ग्रॅम. म्हणजे मैद्याच्या वजनाच्या ६२ ते ६३ टक्के पाणी, पावाच्या कणकेला अगदी योग्य. पहिल्या वेळी मी वाटी आपटून-दाबून भरली होती. ७५० ग्रॅम मैद्याला तेच पाणी फक्त ५३ टक्के पडले. कणीक घट्ट झाली, यीस्टने तयार केलेल्या कार्बन डायऑक्साइडला ती फुगवता आली नाही आणि वीट झाली. दुसऱ्या वेळी चाळलेला मैदा ५०० ग्रॅम, म्हणजे पाणी ८० टक्के. कणीक ओतावी लागली यात नवल ते काय?

कारण सोपे आहे. मैद्याच्या कणाची स्वतःची घनता पाण्यापेक्षा जास्त, दर घन सेंटिमीटरला सुमारे १.४५ ग्रॅम असते. तरीही २०० मिलिलिटरच्या वाटीत १०० ग्रॅमच मैदा येतो, याचा अर्थ सैल भरलेल्या वाटीतली जवळजवळ दोन-तृतीयांश जागा हवेची असते. वाटीने आपण मैद्याबरोबर हवाही मोजतो. पाण्याचे तसे नाही. ते दाबले जात नाही आणि त्यात पोकळ्याही राहत नाहीत, म्हणून पाणी मापाने घेतले काय आणि वजनाने घेतले काय, सारखेच. मिठाची गोष्ट मैद्यासारखीच आहे. एक चमचा जाडे मीठ आणि एक चमचा बारीक मीठ यांचे वजन सारखे नसते.

पायली आणि शीग

आता स्वयंपाकघरातून खळ्यावर येऊ. आपल्याकडे सोने वजनाने आणि धान्य मापाने, अशी जुनी रीत. सोन्याला गुंज, मासा, तोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज भरते सुमारे ०.१२ ग्रॅमची. एवढ्या सूक्ष्म वजनाची तजवीज सोनाराकडे होती. धान्यासाठी मात्र लाकडी किंवा पत्र्याची मापे : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यापुढे मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा पायल्यांचा. आणि वीस मणांची खंडी. शेरसुद्धा कच्चा आणि पक्का असा दोन प्रकारचा. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते.

याच पायलीने बलुतेदारांचे बलुते मोजले जाई आणि सालगड्याची वर्षाची ज्वारीही. खळ्यावर मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन, चार. ज्याच्या पोत्यात ते धान्य पडायचे त्याचे डोळे मात्र आकड्यापेक्षा मापाच्या तोंडाकडे असत. माप भरले कसे, यावर सारे अवलंबून होते.

मराठीत त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत. काठाबरोबर सपाट भरलेले माप ते ‘काठोकाठ’ आणि काठाच्या वर ढीग चढवून भरलेले ते ‘शिगोशीग’. शीग म्हणजे मापाच्या तोंडावर उभा राहणारा धान्याचा शंकू. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ असे आपण म्हणतो ती हीच शीग.

ज्वारीचे दाणे जवळजवळ गोल, कठीण आणि एकसारखे असतात. एकसारख्या गोळ्या भांड्यात कशाही ओतल्या तरी भांड्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. हलवून, ठोकून बसवल्या तरी ६४ टक्क्यांच्या फारसे पुढे जात नाहीत. मैद्याच्या वाटीत दीडपट फरक पडतो, तसा धान्याच्या सपाट मापात पडत नाही. पायली इतकी वर्षे टिकली त्याचे एक कारण हे असावे. खरी गोम होती ती शिगेत.

शिगेत किती धान्य मावते? समजा, माप वृत्तचितीच्या आकाराचे आहे. शिगेच्या शंकूची उंची मापाच्या त्रिज्येवर अवलंबून असते, मापाच्या खोलीवर नाही. धान्याच्या ढिगाचा उतार साधारण ठरलेला असतो : त्रिज्येच्या सुमारे ०.६३ पट उंची. शंकूचे घनफळ काढून मापाच्या घनफळाशी तुलना केली तर असे दिसते की, ज्या मापाची त्रिज्या आणि खोली सारखी आहे, अशा पसरट मापावर शीग जवळजवळ २१ टक्के भरते. ज्याची खोली त्रिज्येच्या चौपट आहे, अशा उभट मापावर ती अवघी ५ टक्के भरते. दोन्ही मापांत पाणी मात्र अगदी सारखे मावेल!

म्हणजे घेताना पसरट मापाने आणि देताना उभट मापाने मोजले, तर काठापर्यंतच्या मापात एक दाणाही न चोरता शेकडा पंधरा-सोळाचा फरक पाडता येतो. ‘मापात पाप’ म्हणतात ते भूमितीच्या वाटेनेही शिरू शकते. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारी लिहून दिल्या. त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीच्या तक्रारी आणि सर्वांसाठी एकच माप असावे ही मागणी पुन्हा पुन्हा येते. ब्रिटनने १८३५च्या कायद्याने शिगेची मापे बंद केली.

लीलावतीतला ढीग

धान्याच्या ढिगाचा उतार ठरलेला असतो, हे आपल्याकडे फार पूर्वी गणितात आले होते. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा आणि ‘लीलावती’ साधारण ११५०ची. त्यांचे गाव विज्जलविड. ते नेमके कोणते यावर वाद आहे. चाळीसगावजवळचे पाटण, विजापूर अशी नावे पुढे आली आहेत आणि काही अभ्यासकांनी ते बीड असावे असेही मानले आहे. हा वाद बाजूला ठेवला तरी त्या ग्रंथातले धान्याचे गणित आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही खळ्यावर ताडून पाहता येते.

‘लीलावती’ची सुरुवातच मापांच्या कोष्टकांनी होते. धान्यासाठी सर्वांत मोठे माप खारी : एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल. तिचा सोळावा भाग द्रोण, त्याचा चौथा भाग आढक, त्याचा चौथा प्रस्थ आणि त्याचा चौथा कुडव. हात ४५ सेंटिमीटर धरला तर खारी सुमारे ९१ लिटरची आणि कुडव सुमारे ८९ मिलिलिटरचा, म्हणजे माझ्या वाटीच्या निम्म्याला थोडा कमी. इथे माप कुणाच्या घरच्या भांड्यावर नव्हे, तर लांबीवर बांधलेले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे राशिव्यवहार नावाचे प्रकरण आहे. जमिनीवर पडलेल्या धान्याच्या राशीत किती धान्य आहे, ते माप न लावता कसे काढावे? भास्कराचार्य सांगतात : राशीचा परीघ मोजा. धान्य जाड असेल तर राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक असेल तर अकराव्या भागाइतकी आणि कुसळाचे असेल तर नवव्या भागाइतकी असते. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले की घनफळ मिळते. रास भिंतीला टेकलेली असेल किंवा कोपऱ्यात असेल तर काय करायचे, तेही सांगितले आहे.

हे नियम आजच्या भाषेत मांडून पाहा. उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी असेल तर उताराचा कोन ३२ अंश येतो. अकराव्या भागाला जवळजवळ ३० अंश आणि नवव्या भागाला ३५ अंश. गोल, गुळगुळीत दाणे घसरतात म्हणून उतार कमी. कुसळाचे दाणे एकमेकांत अडकतात म्हणून उतार जास्त. घर्षणाचा नियम कुणी लिहिण्याच्या कितीतरी आधी हे निरीक्षण नोंदले गेले होते. घनफळाच्या सूत्रातही एक गंमत आहे. शंकूचे आजचे सूत्र परिघाच्या भाषेत लिहिले तर परिघाच्या वर्गाला उंचीने गुणून सुमारे ३७.७ने भागावे लागते. भास्कराचार्यांच्या सूत्रात भागायचे ३६ने, कारण इथे पायची किंमत ३ धरली आहे. याच ग्रंथात वर्तुळासाठी पायची कितीतरी अचूक किंमत दिली आहे. खळ्यावर तोंडी हिशोब करणाऱ्याला मात्र सहाने भागणे सोपे. त्यापोटी येणारी चूक पाच टक्क्यांच्या आत राहते. कोणत्या कामाला किती अचूकता पुरते, हे ठरवणे हासुद्धा मापनशास्त्राचाच भाग आहे.

सहा वर्षांत सगळे बदलले

वेगवेगळ्या शेर-पायल्यांचे हे राज्य आमच्या भागात किती काळ चालले? बीड जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले नाणेसुद्धा वेगळे : हाली सिक्का. सात हाली रुपयांचे सहा कलदार रुपये होत. म्हणजे परमुलखाशी व्यवहार करणाऱ्याला पैसा आणि माप या दोन्हींचे रूपांतर तोंडपाठ ठेवावे लागे. ज्याला हिशोब येत नसे त्याने समोरच्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा मार्ग नव्हता.

मग थोड्या वर्षांत सारे पालटले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी संसदेने वजने आणि मापे यांच्या प्रमाणांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले आणि १ एप्रिल १९६२पासून देशभर व्यापारात जुनी वजने-मापे वापरण्यास बंदी आली. सहा वर्षांच्या आत बीडच्या शेतकऱ्याचे राज्य दोनदा बदलले, नाणे बदलले आणि मापही बदलले.

ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. किलोचा भाव देऊन शेरभर माल घेतला तर गिऱ्हाईक ६७ ग्रॅमना बुडणार. त्या वर्षांत शाळेतल्या मुलांनी घरच्यांना शेराचे किलो करून दिले असतील, तर त्या गणिताला फार मोठी किंमत होती. अंकगणिताच्या पुस्तकातले ‘रूपांतर करा’ हे कंटाळवाणे प्रकरण एके काळी घरातल्या चुलीशी जोडलेले होते, हे मुलांना सांगायला हवे.

या बदलातली मोठी गोष्ट ग्रॅम किंवा किलो हे नाव नव्हे. कोरडा माल मापाऐवजी वजनाने देण्याची रीत पक्की झाली, ही आहे. तराजूला शीग नसते. दाणे सैल असोत की दाबलेले, हवेला वजनात स्थान नाही. शिवाय त्या किलोचा धागा गावच्या दुकानापासून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या प्रमाण किलोग्रॅमपर्यंत आणि तिथून पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमपर्यंत जात होता. २० मे २०१९पासून तर किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावर नाही, प्लँकच्या स्थिरांकावर बांधलेला आहे.

बाजारात वजन आले, स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली. अमेरिकेतही तसेच झाले. तिथे फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात कप आणि चमचे सुरीने सपाट करूनच मोजायचे, असा आग्रह धरला. म्हणजे त्यांनी स्वयंपाकघरातली शीग काढून टाकली. पण कपात पीठ किती दाबले गेले, हा प्रश्न तसाच राहिला. पाव करणारे व्यावसायिक म्हणूनच सगळे वजनाने आणि पिठाच्या टक्केवारीत सांगतात : पीठ १००, पाणी ६० ते ६५, मीठ २, कोरडे यीस्ट १. पाच पाव करायचे असोत की पाचशे, प्रमाण तेच.

वर्गात करून पाहण्यासारखे

तराजू नसलेली शाळा विरळाच. पाच मुलांना एकच वाटी आणि एकच पीठ द्या, ‘एक वाटी पीठ आणा’ एवढेच सांगा आणि प्रत्येकाचे वजन फळ्यावर लिहा. मग हाच प्रयोग ज्वारीने आणि पाण्याने करा. तिन्ही ओळींतला सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांतील फरक पाहिला की घनता, पोकळी आणि मापनातली चूक यांवर वेगळे भाषण द्यावे लागत नाही. नंतर कागदावर ज्वारीची रास घाला. दोऱ्याने परीघ मोजा, तिच्यामागे पट्टी उभी धरून उंची मोजा. परीघ ६० सेंटिमीटर आणि उंची ६ सेंटिमीटर आली, तर भास्कराचार्यांचे उत्तर ६०० घन सेंटिमीटर, आजच्या सूत्राचे ५७३. मोजपात्रात धान्य ओतून दोहोंचा पडताळा घ्या.

काट्यावर विश्वास

मग आईच्या प्रश्नाचे काय? ती चुकीचे बोलत नव्हती. भाकरीचे पीठ मळताना पाणी कमी पडले तर हाताला त्याच क्षणी कळते आणि लगेच सुधारता येते. पावाचा निकाल मात्र तीन-चार तासांनी लागतो, तेव्हा सुधारायला वाव नसतो. शिवाय तिची भाकरी मला लिहून पाठवता येत नाही. ती तिच्याजवळ बसूनच शिकावी लागते. जिथे निकाल उशिरा कळतो किंवा जिथे अनोळखी माणसाशी बोलायचे असते, तिथे माप लागते.

वजनानेही सगळे प्रश्न सुटत नाहीत. उन्हाळ्यात बीडकडे हवा कोरडी, पावसाळ्यात दमट. पिठातले पाणी १० टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेले, तर ५०० ग्रॅम पिठात १५ ग्रॅम पाणी आधीच आलेले असते. चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. म्हणून वजन करून झाल्यावरही शेवटचे दोन चमचे पाणी हातानेच ठरवावे. तिथे आईचेच खरे.

हीच गोष्ट आमच्या जिल्ह्यात पावापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडते. दर दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. एका जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मजुरी मिळते टनावर. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. कष्ट मात्र तेवढेच झालेले असतात. गाडी काट्यावर चढते तेव्हा वजनाचा आकडा तोडणाऱ्याला दिसतो का, तो त्याला वाचता येतो का, काट्याची तपासणी ठरल्या मुदतीत झाली आहे का, हे प्रश्न जुन्या पायलीच्या प्रश्नाचेच नवे रूप आहेत. वजनकाट्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी करून मुद्रा मारून घेणे कायद्याने सक्तीचे आहे आणि ते काम वैधमापन शास्त्र विभागाकडे आहे. ती मुद्रा कशी दिसते, ती कुठे शोधायची, हे आठवीच्या मुलाला माहीत असायला हरकत नाही. त्यांतल्या काही मुलांचे आईबाप या क्षणी कुठल्यातरी काट्यासमोर उभे असतील.

माझा तिसरा पाव बरा झाला. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे दहा ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम यीस्ट. आईने खाऊन पाहिला. “भाकरीची सर नाही,” ती म्हणाली, “पण आता लिहून ठेव.”